यमधर्माचंही एक देऊळ

भंडाऱ्याकडून दक्षिणेला उतरत आलेली वैनगंगा चामोर्शीजवळ एकाएकी वळते आणि काही अंतर उत्तरेकडे वाहू लागते. त्या वळणाच्या डाव्या काठावर मार्कंडा हे महादेवाच्या जुन्या दगडी देवळांचं गाव आहे. माझी आजी सांगायची, महादेवाला पाठ दाखवून नदी पुढं कशी जाईल, म्हणून ती वळली. आजीच्या या सांगण्यात नदीला रीतभात होती, आणि काठावरच्या माणसांनी नदीशी कसं वागावं हेही त्यातच येऊन जायचं. पाण्यात थुंकलं की पाठीत धपाटा बसायचा. जी नदी देवाचा मान राखते, तिचा मान आपण राखायचा, एवढाच हिशेब.

उत्तरवाहिनी नदीचा काठ आपल्याकडे पवित्र मानतात. काशीला गंगा अशीच उत्तरेकडे वाहते, म्हणून मार्कंड्याला ‘विदर्भाची काशी’ म्हणतात. भिंतींवर मूर्तींच्या ओळीच्या ओळी आहेत, म्हणून ‘विदर्भाचं खजुराहो’ही म्हणतात. मला ही दोन्ही नावं आवडत नाहीत. मार्कंडा कुणाची धाकटी जाऊ नाही. आमच्या झाडीपट्टीतलं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगली मुलखातलं हे देवस्थान आहे आणि त्याच्याजवळ स्वतःच्या इतक्या गोष्टी आहेत की उसनं नाव घेण्याची त्याला गरजच नाही.

त्यातली मुख्य गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, तरी ती मार्कंड्यात ऐकावी. मृकंडू ऋषी आणि त्यांच्या पत्नीला मूल नव्हतं. त्यांनी तप केलं, शंकर प्रसन्न झाला आणि त्यानं निवड करायला सांगितली. पुष्कळ जगणारा पण मंदबुद्धी मुलगा हवा, की गुणी पण सोळाच वर्षांचं आयुष्य घेऊन येणारा? आईबापांनी गुणी मुलगा मागितला. मार्कंडेय वाढला, सोळावं लागलं, तशी घरात डोळ्यांना पाण्याची धार लागली. मुलानं कारण विचारलं, ते कळलं, आणि तो पिंडीजवळ जाऊन बसला. यमाचे दूत आले, त्यांना जवळ जाता येईना. मग यम स्वतः रेड्यावर बसून आला. मुलानं पिंडीला मिठी मारली. यमानं फास टाकला, तो मुलासकट पिंडीवर पडला. पिंड दुभंगून महादेव बाहेर आला आणि त्यानं यमाला लाथ घातली. वेरूळच्या पंधराव्या, म्हणजे दशावतार लेण्यात हा प्रसंग कोरलेला आहे.

हे इथंच घडलं, असं मार्कंड्यात सांगतात. तामिळनाडूतल्या तिरुक्कडैयूरला सांगतात की तिथं घडलं. साठी पूर्ण झालेली जोडपी आयुष्य मागायला तिथं जातात. काशीजवळ कैथीला मार्कंडेय महादेव आहे. आपल्या नाशिक जिल्ह्यात सप्तशृंगीच्या समोरचा डोंगर मार्कंड्याचाच. तिथं बसून ऋषींनी देवीला सप्तशती ऐकवली आणि ऐकण्यासाठी देवीची मान किंचित कलली, अशी श्रद्धा आहे. सप्तशती मार्कंडेय पुराणातलीच, तेव्हा नातं जुळतंच. इतक्या गावांनी एकाच मुलावर हक्क सांगितलेला पाहून मला कधी गोंधळल्यासारखं झालं नाही. कोवळ्या वयात मूल जाण्याची भीती प्रत्येक गावात होती. आमच्या भागात तर हिवताप, सर्पदंश आणि पुराचं पाणी यांनी घराघरातून मुलं उचलली आहेत. ज्या गावाला ही गोष्ट हवी होती, त्यानं ती आपल्या पिंडीजवळ आणून ठेवली.

आमच्या घरी ही गोष्ट वर्षातून एकदा प्यायला मिळायची. वाढदिवसाला केक नव्हता. सकाळी आंघोळ झाली की पाटावर बसायचं, आई ओंजळीत दूध ओतायची. दुधात गूळ कालवलेला असायचा आणि वर पांढरे तीळ तरंगत असायचे. आजोबा म्हणायचे, ‘सतिलं गुडसंमिश्रं अंजल्यर्धमितं पयः’. तीळ-गूळ घातलेलं अर्धी ओंजळ दूध मार्कंडेयाचा वर म्हणून प्यायचं, आयुष्य वाढावं म्हणून. अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप आणि परशुराम हे सात चिरंजीव, आणि आठवा मार्कंडेय, हेही त्याच पाटावर पाठ झालं. ओंजळीतलं दूध कोपरापर्यंत ओघळायचं आणि तीळ दातांत अडकून दुपारपर्यंत लागत राहायचे. मोठी झाल्यावर कळलं की पुण्या-मुंबईकडच्याही कितीतरी घरांत ही रीत होती. पण त्या घरांना मार्कंडा हे नाव असलेलं गाव पाहायला मिळालं नसेल. आम्हाला ते एसटीनं जाण्याच्या टप्प्यात होतं.

मूल गावाहून चामोर्शीकडे निघालं की दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, मध्येच मालगुजारी तलाव, आणि त्यापलीकडे झाडी. गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग अजून जंगलाखाली आहे. महाशिवरात्रीच्या सुमाराला साग पानं झडून उघडा पडलेला असतो, पळस पेटलेला असतो आणि मोहाच्या झाडाखालचा पाचोळा लोकांनी जाळून साफ केलेला असतो, फुलं वेचायला सोपं जावं म्हणून. त्या धुराचा वास अंगाला लागतो. नदीच्या पात्रात वाळू वर आलेली असते, पाणी एका कडेला सरकलेलं असतं. वळण घेऊन रस्ता काठावर आला की देवळांचा तो सगळा समूह एकदम समोर येतो.

सुमारे १९६ फूट लांब आणि ११८ फूट रुंद अशा आवारात लहानमोठी वीसएक देवळं. काही उभी, काही अर्धवट, काहींचा नुसता ओटा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम १८७०च्या दशकात इथं आले, तेव्हा त्यांनी हे सगळं बारकाईनं मोजलं, मुख्य देवळाच्या बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्ती मोजल्या आणि या घडणीची खजुराहोशी तुलना केली. तेव्हापासून ते नाव चिकटलं. बांधणी साधारण दहाव्या ते बाराव्या शतकातली मानतात. बांधणाऱ्या राजाचं नाव मात्र आमच्या लोकांच्या तोंडी नाही. त्यांच्या तोंडी नाव आहे ते हेमाडपंताचं.

ही हेमाडपंताची गोष्ट विदर्भात जिथं जिथं जुनं दगडी देऊळ आहे, तिथं तिथं ऐकायला मिळते. लंकेत बिभीषण आजारी पडला. हेमाडपंतानं जाऊन त्याला बरं केलं. काय हवं ते माग, म्हटल्यावर त्यानं राक्षस मागितले. त्या राक्षसांनी एकेका रात्रीत एकेक देऊळ उभं केलं. मार्कंड्याच्या वाटेवर एका म्हाताऱ्या बाबानं मला हे सांगितलं तेव्हा शेवटी म्हणाले, “रातभरात बांधला देऊर, बाई. सकार झाली, कोंबडा आरवला, अन् जे रायलं ते रायलं.” अर्धवट दिसणारं प्रत्येक देऊळ या एका कोंबड्यानं समजावून दिलेलं आहे.

खरा हेमाद्री पंडित देवगिरीच्या यादवांचा मंत्री. महादेवराय आणि रामचंद्रराय यांच्या पदरी होता, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा त्याचा प्रचंड ग्रंथ. तो जन्मण्यापूर्वीच मार्कंड्याची मुख्य देवळं उभी होती. पण चुना न वापरता दगडात दगड अडकवून बांधलेलं ते ‘हेमाडपंती’, असं आपण सरसकट म्हणून मोकळे होतो. इतिहास म्हणून ते चुकीचं आहे आणि तसं स्पष्ट सांगायला हवं. मला मात्र राक्षसांचा भाग टाकवत नाही. या जंगलात हे एवढाले दगड कुणी आणले, कसे चढवले, हा प्रश्न ज्यांनी स्वतः ओझी उचलली आहेत त्यांनाच पडतो. धानाचं पोतं पाठीवर घेणाऱ्या माणसानं त्या छतावरची शिळा पाहिली, मनातल्या मनात उचलून पाहिली, आणि हे काम माणसाचं नाही असं ठरवलं. मला ही पाथरवटाला दिलेली फार मोठी दाद वाटते. राजाला ती मिळालेली नाही.

ते दगड कसे बसवले आहेत, हे मला फार जवळून पाहायला मिळालं, आणि तेही दुरुस्तीमुळे. मुख्य देवळाचा काही भाग उतरवून पुन्हा रचण्याचं काम निघालं आणि दगड आवारात मांडून ठेवलेले दिसू लागले. प्रत्येकावर रंगानं आकडा टाकलेला. एका दगडाची पुढची बाजू कोरीव होती, पदराच्या चुण्या आणि एका पायातलं वाळं दिसत होतं. वाकून मागची बाजू पाहिली. तिथं टाकीचे तिरके घाव जसेच्या तसे होते, शेजारीशेजारी, एका लयीत पडलेले. कडेला दुसऱ्या दगडाशी जोडण्यासाठी केलेली खाच होती, सुतारानं तुळईला करावी तशी. मी खाचेत बोट घातलं. आतली धार अजून बोटाला जाणवत होती. समोरच्या वाळ्याची कड पाऊसवाऱ्यानं गुळगुळीत झाली होती आणि भिंतीच्या आत दडलेली ही बाजू मात्र ज्या दिवशी घडवली त्या दिवसाइतकी कोरी होती. त्या पाथरवटाचा हात उजवा असावा; घाव सगळे एकाच अंगाला झुकलेले होते. किती तरी वेळ मी तिथून उठले नाही.

ही दुरुस्ती फार लांबली. देव उघड्यावर आल्यासारखं झालं, असं गावातल्या बायका बोलून दाखवत, आणि त्यांचं दुःख खरं होतं. लवकर व्हावं असं मलाही वाटतं. पण घाईघाईनं सिमेंट थापून मोकळं होण्यापेक्षा आकडे टाकून ठेवलेले दगड बरे.

हे देऊळ याआधीही मोडलं आहे. फार पूर्वी शिखरावर वीज पडली, वरचा भाग कोसळला आणि त्यानं मंडपाचं छतही फोडलं. पुढं चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, गोंड राजानं दुरुस्ती करवली, असं सांगतात. त्यासाठी जाडजूड खांब आणि कमानींचा टेकू दिला गेला. मूळ कामाच्या नाजूकपणापुढं हा टेकू ओबडधोबड आहे, असं जाणकार लिहून गेले आहेत. असेल. मला त्या ओबडधोबडपणाविषयी फार ममत्व आहे. गोंडांचा मोठा देव पर्सापेन, त्याचं ठाणं साजाच्या झाडात, म्हणजे ऐनात. त्याला कोरीव देऊळ लागत नाही. तरीही चांद्याच्या गोंड राजघराण्यानं महादेवाची देवळं सांभाळली, बांधली. चंद्रपूरचं अचलेश्वराचं देऊळ खांडक्या बल्लाळशहाच्या कथेशी जोडलेलं आहे. झरपट नदीच्या पाण्यानं त्याच्या अंगावरचे फोड गेले आणि तिथं त्याला देव सापडला. महाकालीचं देऊळ राणी हिराईनं बांधवलं. मार्कंड्याचं छत सावरलं गेलं, तेही याच परंपरेत. टेकू सुंदर नाही, पण तो नसता तर पुढच्यांना मोजायला आणि वाखाणायला काय उरलं असतं?

आज शिवरात्रीच्या यात्रेत हाच सगळा पसारा दिसतो. माडिया आणि गोंड कुटुंबं रात्रीच येऊन वाळूत मुक्काम टाकतात. सिरोंच्याकडून आणि पलीकडून तेलंगणातून तेलुगू बोलणारे येतात. त्यात पद्मशाली पुष्कळ; ते मार्कंडेयाला आपला मूळपुरुष मानतात आणि त्याच्या वंशातल्या भावनाऋषींनी कमळाच्या देठातल्या तंतूंपासून पहिलं वस्त्र विणलं असं सांगतात. मुलचेरा, चामोर्शी भागात पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आलेल्या लोकांची गावं आहेत, तिथल्या बायका शंख घेऊन येतात. आणि आमचे कुणबी, तेली, माळी, ढीवर. ढिवरांची तर ही नदी घरचीच. ‘एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव’ ही आरोळी पोळ्याला बैलांपुढं म्हणतात त्या झडत्यांमध्ये ऐकतो, तीच इथं दर्शनाच्या रांगेत उठते, आणि रांगेतला तेलुगू म्हातारा तिला आपल्या उच्चारात साथ देतो. उपासाची रताळी उकडल्याचा वास, बेलाची टोपली, आणि जमिनीवर पसरलेल्या फडक्यावर बांगड्या.

याच आवारात यमधर्माचं देऊळ आहे. मार्कंडेयाचं आहे, त्याच्या बापाचं, मृकंडू ऋषींचं आहे, आणि जो त्या मुलाला न्यायला आला होता त्याचंही आहे. लहानपणी मला हे पटायचं नाही. गोष्टीतला जो वाईट, त्याला देऊळ कशाला? एका यात्रेत माझी मावशी सगळीकडे बेल वाहून झाल्यावर मुठीत उरलेली दोन पानं घेऊन तिकडे निघाली. वर्षभरापूर्वी तिचा मोठा मुलगा गेला होता. मी म्हटलं, “मावशी, तिथं कशाला?” ती म्हणाली, “त्याच्याच दारी आहे ना माहा लेकरू. त्याले नीट ठेव म्हनाव.” तिनं पानं वाहिली, पदर सावरला आणि आम्ही चपला शोधायला गेलो.

त्यानंतर मी महाभारत पुन्हा उघडलं. वनपर्वात पांडव काम्यक वनात आहेत. द्रौपदीला जयद्रथानं पळवून नेण्याचा प्रसंग नुकताच घडून गेला आहे, युधिष्ठिर खचला आहे. त्याला गोष्टी कोण सांगतो, तर मार्कंडेय. रामाची गोष्ट सांगतो, आणि युधिष्ठिरानं द्रौपदीसारखी कुणी स्त्री होती का विचारल्यावर सावित्रीची सांगतो. ज्येष्ठी पौर्णिमेला आमच्याकडच्या बायका वडाला सूत गुंडाळतात ती सावित्री. ती यमाच्या मागोमाग चालत जाते, त्याच्याशी आदरानं बोलते, आणि तिचं बोलणं ऐकून यम खूश होऊन एकेक वर देत जातो. त्या गोष्टीत यम क्रूर नाही. धर्मराज आहे, ऐकून घेणारा आहे, दिलेल्या शब्दात अडकणारा आहे. जो मुलगा यमाच्या फासातून सुटला, त्यानंच यमाचं इतकं समजूतदार चित्र रंगवावं, याचं मला फार वाटलं. ज्याला त्यानं सर्वांत जवळून पाहिलं होतं, त्याच्याविषयी त्याच्या मनात कडवटपणा उरलेला नव्हता. आणि गोष्ट कुठं सांगतो, तर जंगलात, सगळं हरवून बसलेल्या माणसांना.

भागवताच्या बाराव्या स्कंधात हाच मार्कंडेय प्रलय पाहतो. सगळीकडे पाणी, तो एकटाच भटकतो आहे, आणि वडाच्या पानावर एक बाळ पायाचा अंगठा चोखत पडलेलं दिसतं. बाळाच्या श्वासाबरोबर तो आत ओढला जातो आणि आत सगळं जग शाबूत असतं. डोंगर, नद्या, गावं, त्याचा स्वतःचा आश्रमसुद्धा. वैनगंगेचा पूर पाहिलेल्या माणसाला या गोष्टीची ओळख वेगळी पटते. २०२०च्या ऑगस्टअखेर नदीनं काठची गावं वेढली होती. छपरावर बसून रात्र काढलेल्या एका बाईनं मला सांगितलं होतं की अंधारात पाण्याचा आवाज ऐकताना तिनं मनात आपलं घर एकेक वस्तू ठेवून पुन्हा लावलं, चूल इथं, कणगी तिथं. ती शाळेत गेलेली नाही आणि भागवत तिनं ऐकलेलं असेलच असं नाही.

म्हणून कुणी मार्कंड्याला आल्यावर “खरं काय आणि दंतकथा काय” असं दोन ढिगांत वाटून मागतं, तेव्हा मी दोन्ही सांगते आणि कुठलं काय हेही सांगते. देवळं हेमाडपंताच्या आधीची आहेत, हे खरं. वीज पडली, ती कुणाच्या शापानं नव्हे. पण हे देऊळ जंगलात दुर्लक्षित पडूनही लोक त्याच्याकडे येत राहिले ते मूर्तींच्या रांगांसाठी नव्हे. मूल आजारी होतं, नवस होता, बापाचं पिंडदान होतं, वर्षाचा हिशेब महादेवापुढं मांडायचा होता. लोक येत राहिले म्हणून वाट मोडली नाही, वाट होती म्हणून राजा दुरुस्तीला पोहोचला, आणि पुढं मोजपट्टी घेऊन साहेबही त्याच वाटेनं आला. गोष्टी नसत्या तर साग-ऐनाच्या मुळांनी केव्हाच हे दगड वेगळे केले असते. झाडीत अशी कितीतरी देवळं मोडून पडलेली आहेत, ज्यांची गोष्ट कुणाला आठवत नाही. गुराखी त्यांच्या पायऱ्यांवर विळे घासतात.

दुरुस्ती पुरी होईल तेव्हा तिथं माहितीचा फलक लागेलच. त्यावर शतक असेल, शैली असेल, कनिंगहॅमचं नाव असेल. माझी मागणी आहे की तो मराठीबरोबर गोंडी आणि तेलुगूतही असावा, आणि त्यावर राक्षसांची रात्र, गोंड राजाचा टेकू, कमळाच्या देठाचं वस्त्र आणि नदीचं वळणं हेही लिहिलेलं असावं, प्रत्येकापुढं ‘असं लोक सांगतात’ असं स्पष्ट नोंदवून. सांगणारी माणसं अजून आहेत. ती शिवरात्रीला वाळूत बसलेली असतात, आणि विचारलं तर सरकून जागा करून देतात.